स्टाफ नर्सच्या पुढची पायरी : एम.एस्सी. नर्सिंगचा अर्ज

आपल्या कोणत्याही वस्तीच्या तोंडाशी सकाळी साडेसात-आठला उभे राहा, रात्रपाळी करून परतणाऱ्या दोन-चार मुली दिसतातच. कोणी ए.एन.एम. झालेली, कोणी जी.एन.एम., आणि अलीकडे बी.एस्सी. नर्सिंग झालेल्याही. आईने चार घरची धुणीभांडी करून किंवा बापाने नाक्यावर उभे राहून शिकवलेल्या या मुली. पहिला पगार घरात आला की सगळ्यांना वाटते, आता शिक्षण झाले. पुढे काय असते हे कोणी विचारत नाही. पुढे पोस्ट बेसिक असते, एम.एस्सी. असते, पीएच.डी.सुद्धा असते, हे त्या मुलीला कॉलेजात ऐकून माहीत असते, पण घरात तो विषय निघत नाही.

या महिन्याच्या आरोग्य पानावर तोच विषय काढायचा आहे. एम.एस्सी. नर्सिंगच्या जागा थोड्या आणि अर्ज करणाऱ्या पुष्कळ, म्हणून सगळ्यांचे लक्ष प्रवेश परीक्षेकडे असते. परीक्षा अवघड आहेच. परंतु आपल्या मुलींची जागा अनेकदा परीक्षेच्या दिवशी जात नाही, ती आधीच्या दीड-दोन वर्षांत जाते : अनुभवाचा दाखला नीट नसतो, नोंदणी वेळेवर झालेली नसते, जात पडताळणी राहिलेली असते. म्हणून ज्या घरात नर्सिंग झालेली मुलगी किंवा मुलगा आहे, त्या घरातल्या मोठ्यांनीही हे वाचावे. यातली बरीचशी धावपळ घरच्यांनाच करावी लागते.

ही पदवी कशासाठी

एम.एस्सी. नर्सिंग हा २ वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे. त्यात मुख्य शाखा ५ : मेडिकल सर्जिकल नर्सिंग, म्हणजे मोठ्यांचे आजार आणि शस्त्रक्रिया; बालरुग्ण परिचर्या; प्रसूती आणि स्त्रीरोग; मानसिक आरोग्य; आणि सामुदायिक आरोग्य. अर्ज भरतानाच शाखेचा पसंतीक्रम द्यावा लागतो. पहिल्या वर्षी नर्सिंगचे अध्यापन, प्रगत नर्सिंग, संशोधन व संख्याशास्त्र आणि निवडलेल्या शाखेचा पहिला भाग असतो. दुसऱ्या वर्षी व्यवस्थापन आणि शाखेचा दुसरा भाग. शिवाय प्रत्येकीला एक शोधप्रबंध लिहावा लागतो, आणि तो इंग्रजीत.

आपल्या देशात नर्सिंगची पदवी १९४६ साली दिल्ली आणि वेल्लोर या दोन ठिकाणी सुरू झाली. एम.एस्सी. १९५९ साली दिल्लीत सुरू झाले, आज राजकुमारी अमृत कौर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या महाविद्यालयात. महाराष्ट्रात नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेली शासकीय आणि खाजगी महाविद्यालये आहेत. मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी नर्सिंग महाविद्यालय १९६४ पासून आहे. राज्याबाहेर दिल्लीच्या एम्समध्ये हृदयरोग, कर्करोग, मेंदू व मज्जासंस्था, मूत्रपिंड, अतिदक्षता अशा विशेष शाखांत एम.एस्सी. करता येते. बंगळुरूची निमहान्स मानसिक आरोग्य परिचर्येसाठी ओळखली जाते. अभिमत विद्यापीठे आपापली प्रवेश परीक्षा घेतात, काही ठिकाणी मुलाखतही असते.

आता खरे बोलू. एम.एस्सी. केले म्हणून खाजगी दवाखान्यातल्या वॉर्डात पगार आपोआप दुप्पट होत नाही. मालक म्हणतो, काम तर तेच आहे. ज्या मुलीला केंद्र सरकारी रुग्णालयात नर्सिंग ऑफिसर व्हायचे आहे, तिला एम.एस्सी.ची गरजच नाही. एम्सच्या भरतीसाठी नॉरसेट नावाची परीक्षा असते. बी.एस्सी. झालेली मुलगी ती थेट देऊ शकते, जी.एन.एम. झालेलीला ५० खाटांच्या रुग्णालयातला २ वर्षांचा अनुभव लागतो. त्या पदाचा मूळ पगार सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ४४,९०० रुपयांपासून सुरू होतो. घरची तातडीची गरज पगाराची असेल, तर आधी त्या परीक्षेमागे लागावे, असेच मी सांगेन. नोकरीत पाय रोवल्यावरही एम.एस्सी. करता येते.

मग एम.एस्सी. कशासाठी? शिकवण्यासाठी, मुख्यतः. नर्सिंग महाविद्यालयात लेक्चरर, प्राध्यापक, प्राचार्य व्हायचे तर एम.एस्सी. लागतेच. आणि इथे आपल्या वस्तीचा संबंध येतो. नर्सिंगच्या विद्यार्थिनीचे बरेच गुण अंतर्गत असतात : वॉर्डातले काम, तोंडी परीक्षा, केस स्टडी, प्रॅक्टिकल. ते गुण शिक्षकांच्या हातात असतात. मराठी माध्यमातून आलेली, घाबरत बोलणारी, आडनाव सांगताना समोरच्याचा चेहरा पाहणारी मुलगी त्या तोंडी परीक्षेला बसते, तेव्हा टेबलाच्या पलीकडे कोण बसले आहे याने फरक पडतो. हे ज्यांनी भोगले आहे त्यांना जास्त सांगायला नको.

दुसरे कारण आरोग्याचे. क्षयरोग, रक्तक्षय, मधुमेह, दारू, बाळंतपणानंतरचे नैराश्य हे आपल्या वस्त्यांतले रोजचे विषय आहेत. सामुदायिक आरोग्य आणि मानसिक आरोग्य या दोन शाखा त्यावरच शिकवतात. तरीही पसंतीक्रमात या दोन शाखा पुष्कळ मुली शेवटी टाकतात, कारण ‘मेडिकल सर्जिकल’ म्हटले की भारदस्त वाटते. माझे मत वेगळे आहे. वेड लागलेल्यांची नर्स म्हणून हसणारे लोक आहेत, पण त्या शाखेत शिकलेली माणसे कमी आहेत आणि काम अपार आहे.

ज्यांना शिकवण्यापेक्षा रुग्णाच्या खाटेजवळच राहायचे आहे, त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे : क्रिटिकल केअरमधला नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम. हाही २ वर्षांचा आणि पदव्युत्तर दर्जाचा आहे, पण त्यातला मोठा भाग आयसीयूमधले प्रत्यक्ष काम असते. आयसीयूमध्ये काम केलेल्या मुलींनी ही वाट जरूर पाहावी.

पात्रता, आणि त्यातला अनुभवाचा काटा

भारतीय नर्सिंग परिषदेच्या नियमाप्रमाणे एम.एस्सी.साठी बी.एस्सी. किंवा पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंगला किमान ५५ टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्क्यांची सवलत आहे, म्हणजे ५० टक्के. एम्ससारख्या संस्थांची टक्केवारी वेगळी असू शकते, ती त्यांच्या माहितीपत्रकात पाहावी. जी.एन.एम. झालेल्या मुलीला थेट एम.एस्सी. करता येत नाही, आधी २ वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. करावे लागते. ए.एन.एम.ला आधी जी.एन.एम. किंवा बी.एस्सी. वाट लांब आहे, पण बंद नाही.

याशिवाय दोन अटी. उमेदवार परिचारिका आणि सुईण अशी दोन्ही नोंद असलेली हवी, आणि बी.एस्सी.नंतर किमान १ वर्ष काम केलेले हवे. पोस्ट बेसिक करणाऱ्यांना हा अनुभव त्या अभ्यासक्रमाच्या आधीचा असला तरी चालतो.

हे एक वर्ष ऐकायला सोपे वाटते. प्रत्यक्षात काय होते ते पाहा. मुलगी शेवटच्या वर्षाची परीक्षा देते आणि घरी पैसे हवेत म्हणून निकालाच्या आधीच जवळच्या एखाद्या लहान नर्सिंग होममध्ये लागते. नियुक्तीपत्र नाही. पगार रोख, पाकिटात. हजेरीपट डॉक्टरांच्या ड्रॉवरमध्ये. वर्ष-दीड वर्ष ती बारा-बारा तासांच्या ड्युट्या करते. मग अर्जाची वेळ येते आणि डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देतात, ‘यांनी आमच्याकडे काम केले आहे.’ कोणत्या तारखेपासून, कोणत्या पदावर, काही नाही. असा कागद तपासणीच्या टेबलावर टिकत नाही. माझ्या ओळखीच्या एका सिस्टरने १४ महिने काम केले होते. नोंदणी उशिरा झाल्याने त्यातले पहिले ५ महिने धरले गेले नाहीत, आणि ती एका वर्षासाठी थांबली. त्या थांबलेल्या वर्षात तिचे लग्न झाले. पुढचे सांगायला नको.

म्हणून ज्या मुली आज शेवटच्या वर्षाला आहेत, त्यांनी निकाल लागताच पहिले काम नोंदणीचे करावे. महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे अर्ज करायचा, पावती जपायची, नोंदणी प्रमाणपत्र हातात येईपर्यंत पाठपुरावा करायचा. नोंदणीची तारीख झाली की तिथून वर्ष मोजावे. त्याआधीचे काम धरतील या भरवशावर राहू नये. नोंदणीची मुदत असते, ती संपण्याआधी नूतनीकरण करावे. मुदत संपलेले प्रमाणपत्र घेऊन गेलेल्या मुलीला कोणी रागावत नाही, फक्त परत पाठवतात.

नोकरी धरताना पगाराइतकेच कागदाकडे पाहा. नियुक्तीपत्र मागा. पगार बँकेत जमा करायला सांगा, कारण पासबुकातली नोंद हाही पुरावा असतो. दाखला लेटरहेडवर हवा. त्यात पदाचे नाव, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, रुग्णालयातल्या खाटांची संख्या, सही, शिक्का आणि जावक क्रमांक असावा. मोठ्या रुग्णालयात पगार हजार-दोन हजारांनी कमी असला तरी कागद पक्का मिळतो. एम.एस्सी. डोक्यात असेल तर पहिल्या नोकरीसाठी मोठे रुग्णालय निवडणे शहाणपणाचे. मालकाला नियुक्तीपत्र मागितले तर तो नोकरी देणार नाही, अशी भीती असते. ती खोटी नाही. तरीही मागावे, नर्सेस सगळीकडे हव्या आहेत.

एक वेगळा गट आहे, बंगळुरू किंवा कर्नाटकातल्या इतर शहरांत एजंटामार्फत जाऊन शिकलेल्या मुलामुलींचा. त्यांची पहिली नोंदणी त्या राज्याच्या परिषदेत होते. महाराष्ट्रात काम आणि प्रवेश हवा असेल तर तिथले ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन इथे नोंदणी करून घ्यावी लागते. यात महिने जातात. त्याआधी आपले महाविद्यालय भारतीय नर्सिंग परिषदेच्या मान्यताप्राप्त यादीत त्या वर्षी होते की नाही, हे तपासून घ्या. आणि आता जी मुले बारावीनंतर अशा एजंटाशी बोलत आहेत, त्यांच्या आईवडिलांना सांगणे एवढेच : मूळ मार्कलिस्ट आणि टी.सी. एजंटाच्या हातात देऊ नका. छायाप्रत द्या.

जातीचा दाखला : राज्याचा वेगळा, केंद्राचा वेगळा

महाराष्ट्रात राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र, दोन्ही लागतात. बी.एस्सी.ला राखीव जागेतून गेलेल्या मुलीकडे वैधता आधीच असते. अडचण येते ती खाजगी संस्थेत पैसे भरून किंवा राज्याबाहेर शिकलेल्यांना. त्यांना तेव्हा वैधता लागलीच नाही, म्हणून काढली नाही. आता अर्जाच्या महिन्यात पळापळ सुरू होते.

अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख महत्त्वाची आहे. त्या तारखेच्या आधी आपले कुटुंब महाराष्ट्रात राहत होते आणि जात कोणती होती, याचा पुरावा लागतो. तेव्हाच्या कुटुंबाचे गाव ज्या भागात येते, तिथल्या उपविभागीय अधिकाऱ्याकडून दाखला निघतो. म्हणजे आज तुम्ही धारावीत किंवा इंदोऱ्यात राहत असाल, पण आजोबा रत्नागिरी किंवा वाशिमकडचे असतील, तर गावाकडे जावे लागते. आजोबा-पणजोबांचा शाळेतला प्रवेश नोंदवहीचा उतारा, जन्म-मृत्यूची कोतवाल नोंद, जुना सातबारा, असे काहीतरी शोधावे लागते. शाळेत न गेलेल्या आजोबांचा पुरावा कुठून आणायचा, हा प्रश्न अनेकांचा आहे. अशा वेळी चुलत आजोबा, आत्या, वडिलांचे काका यांच्या नोंदी वंशावळीसह जोडता येतात. वडील, सख्खे भाऊ-बहीण किंवा वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातल्या कोणाला वैधता मिळालेली असेल, तर काम बरेच सोपे होते. भावकीत विचारा. दहा वर्षे न बोललेला चुलतासुद्धा यासाठी उपयोगी पडतो.

आपल्यात आणखी एक गोष्ट असते. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर जन्मलेल्यांच्या शाळेच्या दाखल्यावर ‘बौद्ध’ किंवा ‘नवबौद्ध’ लागले, आणि त्याआधीच्यांच्या दाखल्यावर जुनी जात. पडताळणी समितीला हा दुवा जोडून दाखवावा लागतो, म्हणून आजोबांची जुनी नोंद आणि वडिलांची नवी नोंद दोन्ही फाइलमध्ये ठेवा.

केंद्राच्या संस्थांसाठी, म्हणजे एम्स, निमहान्स वगैरेंसाठी, केंद्र सरकारच्या नमुन्यातला दाखला लागतो. धर्मांतरित बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीचे आरक्षण १९९० च्या दुरुस्तीने मिळाले. पण केंद्राच्या यादीत ‘नवबौद्ध’ नावाची जात नाही, यादीत मूळ जातीचे नाव आहे. त्यामुळे केंद्रीय दाखल्यावर धर्म बौद्ध आणि जात यादीप्रमाणे, असे दोन्ही लिहिलेले असावे. जे नाव आपण टाकून दिले तेच पुन्हा सरकारी कागदावर लिहून घ्यायचे, हे अनेकांना खुपते, आणि खुपणे साहजिक आहे. तरीही नुसते ‘बौद्ध’ लिहिलेला राज्याचा दाखला घेऊन दिल्लीला गेलेली मुलगी खुल्या यादीत टाकली जाऊ शकते, म्हणून हा दाखला वेगळा आणि आधी काढून ठेवा.

लग्न झालेल्या मुलींसाठी : जात जन्माने येते, दाखला माहेरच्या नावाचाच लागतो. सासरचे नाव इतर कागदांवर आले असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचे राजपत्र जोडा. आधार, नर्सिंग नोंदणी आणि मार्कलिस्ट यांवर नावाचे स्पेलिंग एक नसेल तर तेही आत्ताच दुरुस्त करा.

राखीव जागांबद्दल एक हिशेब लक्षात घ्या. राज्यात अनुसूचित जातीला १३ टक्के आणि केंद्रात १५ टक्के आरक्षण आहे. एखाद्या महाविद्यालयात ५ शाखांत मिळून २५ जागा धरल्या, तर १३ टक्क्यांनी ३ जागा येतात, आणि शाखा ५ आहेत. म्हणजे हव्या त्या शाखेत, हव्या त्या महाविद्यालयात राखीव जागा असेलच असे नाही. म्हणून पसंतीक्रमात एकच शाखा किंवा एकच शहर लिहून थांबू नये. आणि गुण चांगले असतील तर आपल्या मुली खुल्या यादीतही लागतात. त्यासाठीच अभ्यास ५० टक्क्यांच्या हिशेबाने करायचा नाही.

दोन वर्षांचा पगार

घरात खरा अडसर इथे असतो. मुलगी महिन्याला पंधरा-वीस हजार आणते, त्यावर धाकट्याची फी, आईची औषधे, बचत गटाचा हप्ता चालतो. दोन वर्षे तो पगार बंद करायचा म्हणजे तीन-साडेतीन लाखांच्या वर रक्कम घरातून वजा होते, फी वेगळीच. हा हिशेब न करता ‘शीक, बाई, आम्ही आहोत’ म्हणणारे घर सहा महिन्यांनी कुरबुर करू लागते. त्यामुळे घरातल्या सगळ्यांनी एका रविवारी कागद-पेन घेऊन बसावे. कोणता खर्च कोण उचलणार, कोणते कर्ज आधी फेडायचे, हे लिहून काढावे. दीड वर्ष आधी ठरले तर पगारातून थोडे मागे टाकता येते.

मदत काय मिळते? भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती महाडीबीटीवरून भरायची असते. कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख रुपये आहे. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची सवलत, जिला आपण फ्रीशिप म्हणतो, ती आहे. यातली अट लक्षात ठेवा : प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून झालेला असावा. व्यवस्थापनाच्या कोट्यातली जागा घेतली की या सवलती हातच्या जातात आणि फी पूर्ण अंगावर पडते. ‘सीट मी मिळवून देतो, फी स्कॉलरशिपमधून वळती होईल’ असे सांगणारा भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

वसतिगृहासाठी समाजकल्याण विभागाच्या शासकीय वसतिगृहांत अर्ज करावा. तिथे जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या मोठ्या शहरांत तिच्यातून राहण्या-जेवणासाठी वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मदत मिळते, लहान शहरांत कमी. गुणांच्या आणि उत्पन्नाच्या अटी आहेत. पैसे वेळेवर येत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पहिले सहा महिने स्वतःच्या बळावर काढता येतील एवढी सोय हातात ठेवूनच निघावे.

उत्पन्नाचा दाखला काढताना मुलीचा स्वतःचा पगार त्यात येतो का, लग्न झाले असेल तर वडिलांचा लागतो की नवऱ्याचा, हे सेतू केंद्रातल्या माणसाच्या भरवशावर सोडू नका. समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन विचारा. सरकारी नोकरीत असलेल्या परिचारिकांनी राजीनामा देण्याची घाई करू नये. प्रतिनियुक्तीवर किंवा अभ्यास रजेवर शिकायला जाता येईल का, त्यासाठी किती सेवा झालेली हवी, हे आपल्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन विचारावे.

अभ्यास, रात्रपाळी सांभाळून

राज्यातल्या प्रवेशांच्या सूचना आणि वेळापत्रक राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे सीईटी सेल, जाहीर करतो. तारखा दरवर्षी बदलतात. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या तारखेवर विसंबू नका, आठवड्यातून एकदा संकेतस्थळ स्वतः उघडून पाहा.

परीक्षेत येतो तो बी.एस्सी.चाच अभ्यासक्रम : शरीररचना आणि शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, आहार, नर्सिंगची मूलतत्त्वे, औषधांचे डोस, मेडिकल सर्जिकल, बालरुग्ण, प्रसूती, मानसिक आरोग्य, सामुदायिक आरोग्य, संशोधन आणि व्यवस्थापन. महागडा क्लास लावण्याआधी कॉलेजातली पुस्तके पुन्हा काढा. ज्या मुलींनी ती रद्दीत घातली नाहीत त्या शहाण्या. वर्षभर वॉर्डात काम केल्यावर तेच धडे वेगळे कळतात. पोटॅशियम शिरेतून का झटकन देत नाहीत, हे आता पाठ करावे लागत नाही. मात्र जे आपल्या वॉर्डात कधी दिसत नाही, ते विसरलेले असते. सर्जिकल वॉर्डातल्या सिस्टरला लसीकरणाचे वेळापत्रक आठवत नाही, आणि प्रसूती विभागातलीला ईसीजी. अभ्यासाची सुरुवात तिथून करा. संशोधन आणि संख्याशास्त्राचा सगळ्यांनाच कंटाळा असतो, म्हणून तिथे थोड्या अभ्यासात गुण सुटतात.

रात्रपाळीनंतर त्याच दिवशी अभ्यासाला बसू नका, काही राहत नाही. आधी झोप घ्या. घरात एकच खोली असेल तर ही झोप मिळवून देणे हेच घरच्यांचे मोठे योगदान. सकाळी नऊ ते दोन टीव्ही बंद, दाराशी गप्पा नाहीत, आणि ‘दिवसा झोपते’ म्हणून शेजारणीपुढे टोमणा नाही. सलग दोन तास मिळत नसतील तर चाळीस-चाळीस मिनिटांचे तीन तुकडे करा. बुद्धविहारात किंवा समाजमंदिरात संध्याकाळी दिवा आणि पंखा असतो. दोन-तीन सिस्टर मिळून तिथे बसल्या, एकीने प्रश्न विचारले, दुसरीने उत्तर दिले, तर तोंडी परीक्षेचीही भीती जाते. विहार समितीने दोन टेबले दिली तर बरेच झाले.

इंग्रजीची धास्ती मराठी माध्यमाच्या मुलींना असते. नर्सिंगचे इंग्रजी म्हणजे कादंबरीचे इंग्रजी नव्हे. तुम्ही रोज नर्सेस नोट्स इंग्रजीतच लिहिता. त्याच नोट्स पूर्ण वाक्यांत लिहायची सवय लावा, रोज एक रुग्ण, दहा ओळी. पुढे शोधप्रबंधाला हीच सवय कामी येते. मुलाखत असेल तिथे ‘ही शाखा का?’ हा प्रश्न बहुधा येतो. ‘सेवा करायची आहे’ हे उत्तर सगळ्याच देतात. तुम्ही पाहिलेल्या एखाद्या रुग्णाबद्दल बोला, नाव न सांगता, आणि तिथे नर्सला काय माहीत असते तर बरे झाले असते ते सांगा.

मुलांबद्दलही एक शब्द. आपल्यात ब्रदर म्हणून काम करणारी मुले वाढत आहेत आणि त्यांना ‘बायकांचे काम’ म्हणून हिणवणारेही आहेत. प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई १८९७ साली गेल्या. त्या कामात त्यांच्या सोबत त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंतही होता, हे त्यांना सांगावे. महिला महाविद्यालये सोडली तर एम.एस्सी.चे दार मुलांनाही उघडे आहे, आणि नियमही तेच.

शेवटी फेरीच्या दिवसांबद्दल. यादीत नाव लागले की रुजू व्हायला मोजकेच दिवस मिळतात आणि मूळ कागदपत्रे सोबत लागतात. काही रुग्णालये मूळ प्रमाणपत्रे स्वतःकडे ठेवून घेतात. ती परत मागायला यादी लागण्याची वाट पाहू नका, अर्ज भरतानाच मागून घ्या. नियुक्तीपत्रात राजीनाम्याची नोटीस एक महिन्याची असेल तर इन्चार्ज सिस्टर आणि मेट्रन यांच्याशी आधीच बोलून ठेवा. राजीनामा मात्र जागा पक्की झाल्यावरच लेखी द्या, त्याच्या प्रतीवर पोचेची सही घ्या, आणि कार्यमुक्तीचे पत्र व अनुभवाचा दाखला हातात पडल्याशिवाय शेवटची ड्युटी संपली असे समजू नका.